मंत्रपुष्पांजलीला नऊ तास

अनंत चतुर्दशी. जबलपूरच्या एका मराठी कॉलनीचा गणपती संध्याकाळी सहाला ग्वारीघाटाजवळ, भटौलीच्या कुंडावर पोहोचायचा होता. डीजे नको यावर बैठकीत एकमत झालं होतं. एका जुन्या व्हॅनचं मागचं दार वर उचलून ठेवायचं, आत मूर्ती, दाराशी दोन स्पीकर आणि गाडीच्या स्टीरिओवर आरत्या, असा साधा बेत. त्या स्टीरिओच्या तोंडावर बटणांखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: एमपी३, डब्ल्यूएमए. दिवसभर त्या बटणांवर दहा जणांची बोटं फिरली. अक्षरं कुणी वाचली नाहीत.

सकाळी ९:००
आरत्या बाजारातल्या नव्हत्या. कॉलनीतल्या काकूंनी मांडवात म्हटलेल्या, कुणीतरी मागच्या खुर्चीवरून फोनवर टिपलेल्या. पुष्कळ फोन असं रेकॉर्डिंग एम४ए म्हणून ठेवतात. आत आवाज असतो एएसी पद्धतीने दाबलेला. ही पद्धत १९९७ची, पण स्वस्तातल्या स्टीरिओंपर्यंत ती पोहोचायला फार वर्षं लागली. पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर उमटलं: 'नो फाइल'. व्हॅनवाले भैया म्हणाले, "पेन ड्राइव्ह खराब है." पहिलं निदान, आणि तेच चुकीचं.

सकाळी १०:३०
नवा पेन ड्राइव्ह आला, चांगला ६४ जीबीचा. आता स्टीरिओ 'नो फाइल'सुद्धा म्हणेना, थेट 'एरर'. ३२ जीबीच्या वरचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट मांडणीत विकले जातात. मायक्रोसॉफ्टने ती २००६ साली आणली. हा स्टीरिओ फॅट३२ च्या पुढे शिकलेलाच नव्हता. म्हणजे सकाळी एक दुखणं होतं, आता दोन झाली: फाइलचं वेगळं, ड्राइव्हचं वेगळं. दोन्ही एकदम आली की कुठल्या औषधाने काय बरं झालं ते कळत नाही. खजिनदारांनी मात्र बिल जपून ठेवलं.

दुपारी १२:००
अध्यक्षांच्या पुतण्याने जुना ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, प्रत्येक फाइलच्या नावामागचं 'एम४ए' खोडून 'एमपी३' लिहिलं आणि विजयी मुद्रेने परत आला. १९९५ पासून हे तीन अक्षरी शेपूट संगीताला चिकटलं आहे, पण शेपूट म्हणजे फाइल नव्हे. आडनाव बदलून रक्तगट बदलत नाही. स्टीरिओने नावावर विश्वास ठेवून फाइल उघडली, आत भलतंच दिसलं म्हणून पुढची उघडली, मग त्याच्या पुढची. पडद्यावर आकडे धावत सुटले, आवाज शून्य. "चालतंय, चालतंय," पुतण्या म्हणाला. "निदान हलतंय तरी."

दुपारी १:३०
पंगतीत एका ताईने खरा उपाय सांगितला. स्टीरिओला गोल भोक आहे, ऑक्सचं. फोनमधून तिथे वायर लावा. फाइल उलगडायचं काम फोन करील, स्टीरिओला नुसता आवाज मिळेल. फाइल कुठल्या जातीची हे त्याला कळायची गरजच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वायर निघाली, पण ज्या फोनमध्ये आरत्या होत्या त्याला हेडफोनचं भोकच नव्हतं. त्यासाठी छोटा अडॅप्टर मिळतो. तो आणायला सदर बाजारात कोण जाणार यावर चर्चा सुरू झाली आणि मसालेभाताची दुसरी वाढ येताच संपली. वाचण्याची वाट इथे होती.

दुपारी ३:००
त्याच ताईने जेवणानंतर मॅकबुकवर आरत्यांचं रीतसर एमपी३ रूपांतर केलं आणि जुन्या ड्राइव्हवर चढवलं. स्टीरिओ गायला लागला! टाळ्या पडल्या. दुसऱ्या गाण्याला पुन्हा शुकशुकाट, तिसरं ठीक, चौथ्याला शुकशुकाट. मॅक अशा ड्राइव्हवर गाणं ठेवताना सोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक चिमुकली फाइलही ठेवतो. तिचं नाव गाण्यासारखंच, आत गाणं नाही. मॅक ती लपवतो, स्टीरिओ तिलाही गाणं समजतो. शिवाय देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन. कुठली सुखकर्ता आणि कुठली शेंदूर लाल, ओळखा.

दुपारी ४:१५
भैयांनी स्वतःचा पेन ड्राइव्ह पुढे केला. "ये कभी धोका नहीं देता." खरंच देत नव्हता; त्यावरची सगळी गाणी एमपी३च होती. ताईने केलेल्या एमपी३ आरत्या पुतण्याने आपल्या लॅपटॉपवरून त्यावर घातल्या. भैयांची गाणी राहू दिली. कुणाचं कशाला पुसा? असे स्टीरिओ बहुधा अक्षरांच्या क्रमाने वाजवत नाहीत, जे आधी चढलं ते आधी. त्यामुळे भैयांची गाणी पहिली, आरत्या शेवटी. बटण दाबत दाबत आरत्यांपर्यंत गेले. आवाज अगदी बारीक, कारण टिपणारा मागच्या खुर्चीवर. म्हणून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता मस्त ऐकू येत होतं.

संध्याकाळी ५:१०
व्हॅन निघाली. रामपूर चौकात गर्दी, पुढे "नर्मदे हर" आणि "मोरया" एकमेकांत मिसळलेले. काकू आपलाच आवाज ऐकत टाळ्या देत चालल्या होत्या. दिवसभराची कटकट विसरून सगळे खुशीत.

संध्याकाळी ५:५५
कुंडापाशी रांग. भैयांनी इंजिन बंद केलं, किल्ली अर्धी ठेवली. सगळ्यांत वयस्कर काका दाराशी उभे राहिले आणि मंत्रपुष्पांजली सुरू झाली. त्यासाठी कुणीतरी गाणं थांबवलं. आवाजाचं बटण होतं तिथेच राहिलं.

संध्याकाळी ६:०२
हवालदाराने शिट्टी मारली: गाडी चार हात पुढे. भैयांनी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरताना सगळा करंट तिकडे वळतो आणि स्टीरिओ क्षणभर बंद पडतो. परत जागा झाला तेव्हा त्याला आवाजाची पातळी आठवत होती, गाणं आठवत नव्हतं. त्याने ड्राइव्ह पहिल्यापासून वाचायला घेतला.

पहिलं गाणं कमरेला उद्देशून लिहिलेलं होतं. हल्लीची फिल्मी गाणी मुळातच भरपूर आवाज भरून बनवलेली असतात; काकूंच्या बारीक आरतीसाठी लावलेल्या पातळीवर ते काकांच्या कानापासून हातभर अंतरावर फुटलं. काकांचे ओठ हलत राहिले, हातातली फुलं मूर्तीऐवजी स्पीकरवर पडली. मागच्या मंडळाची पोरं नाचायला लागली. भैयांना वाटलं फर्माईश आहे. त्यांनी मागे वळून अंगठा दाखवला. पुतण्याने खिडकीतून हात घालून ड्राइव्ह उपटला तोवर अंतरा संपत आला होता.

नंतरच्या बैठकीत दोष स्टीरिओच्या माथी मारला गेला, तो अन्यायच. सकाळी नऊला त्याने खरं तेच सांगितलं होतं: मला वाचता येईल अशी फाइल यात नाही. त्यावर एकच काम होतं. एमपी३ करून, आवाज वाढवून, ३२ जीबीच्या आतल्या फॅट३२ ड्राइव्हवर फक्त आरत्या ठेवायच्या, आणि आदल्या दिवशी गाडी एकदा बंद-चालू करून बघायची. इतिवृत्तात ठराव मात्र असा आहे: पुढील वर्षी आरत्या तोंडाने म्हणाव्यात, झांजा मंडळाकडे आहेत. भैयांनी भाडं घेताना एवढंच विचारलं, "और मेरा पेन ड्राइव्ह?"