मूर्ती गेल्या, नावं राहिली : नाणेघाटातल्या अक्षरांपासून संगणकातल्या फाइलीपर्यंत

इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचं काय काम, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. विषय साधा आहे. संगणकातल्या फाइलींना नाव, ठिकाण, वर्ष अशा टिपा जोडायच्या, म्हणजे नंतर शोधल्यावर त्या सापडतात. या टिपांना टॅग म्हणतात. फाइली शेकड्यांनी असल्या तर हे काम हाताने करत बसत नाहीत, छोटा प्रोग्राम लिहून करतात. त्या प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. पण वस्तूवर तिची ओळख लिहून ठेवायची ही गरज संगणकाहून फार जुनी आहे, आणि तिचा एक पुरावा पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या घाटघरजवळ कातळात कोरलेला आहे. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

घाटमाथ्यावरचं दालन

जुन्नरहून पश्चिमेला निघालं की शेवटी घाटघर येतं. एका बाजूला जीवधन किल्ला आणि पुढे कोकणात उतरणारी नाणेघाटाची नाळ. सातवाहनांच्या काळात सोपारा, कल्याण या बंदरांकडून येणारा माल या वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणच्या दिशेने जायचा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेने सांगतात. माथ्यापासून जरा खाली कातळात खोदलेलं दालन आहे.

दालनाच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वी दुसरं ते पहिलं शतक. लेखात यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं यांचे आकडे आहेत. भारतातल्या अंकचिन्हांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा मानतात तो या आकड्यांमुळेच. भगवानलाल इंद्रजींनी १८७६ च्या सुमारास या अंकांवर निबंध लिहिला आणि १८८३ मध्ये ब्यूलरने संपूर्ण लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं.

आज मात्र आपल्याला मागची भिंत बघायची आहे. तिथे एका रांगेत आठ मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक लहानशी ओळ कोरलेली होती. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका, तिचा पती श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. ही सात नावं झाली.

मूर्ती आता नाहीत, त्या पार नष्ट झाल्या आहेत. तरीही तिथे कोण होतं हे आपण सांगू शकतो, कारण वरच्या ओळी शिल्लक आहेत. पुराणांच्या हस्तलिखितांत या घराण्याच्या पहिल्या राजाचं नाव कुठे शिशुक, कुठे सिंधुक, तर कुठे शिप्रक असं येतं. नकलून नकलून नाव बदलत गेलं. घाटघरच्या कातळावर मात्र ते सिमुक आहे, कारण ते ज्याचं त्याच्याच डोक्यावर एकदा कोरलं आणि पुन्हा कुणी नकललं नाही.

आणि आठवी व्यक्ती? तिच्या डोक्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत. मूर्तीही नाही आणि टीपही नाही. सातवाहनांच्या राजघराण्यातला तो एक जण आपल्यासाठी कायमचा बिननावाचा झाला. त्याची रांगेतली जागा तेवढी कळते.

यात अजून एक गोष्ट आहे. ही नावं मधली कित्येक शतकं कुणालाच वाचता येत नव्हती. कर्नल साइक्सने जुन्नर भागातल्या लेखांच्या नकला १८३७ मध्ये छापल्या, आणि त्याच सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. तोवर घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती अक्षरं नुसती दिसत होती. म्हणजे टीप टिकणं ही एक गोष्ट झाली आणि ती वाचता येणं ही दुसरी. हे मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

रुमाल, पैवस्ती आणि घडणी

नाणेघाटात आठच वस्तू होत्या. हजारो कागद असले म्हणजे काय करायचं? आपल्याकडे याचं उत्तर पेशवे दफ्तराने दिलं. कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पत्र हाती आलं की ते कधी पोचलं याची नोंद त्याच पत्रावर करत, तिला पैवस्ती म्हणतात. पत्र लिहिणाऱ्याने साल घातलेलं नसलं तरी पैवस्तीवरून अभ्यासकाला काळ ठरवता येतो. मूळ मजकुराला हात न लावता, त्याच कागदावर, मिळवणाऱ्याने जोडलेली ही टीप आहे. आजच्या भाषेत हा टॅगच.

हिशेबाच्या कागदांत दोन प्रकार होते. रोजकीर्दीत नोंदी तारखेच्या क्रमाने असत, आणि घडणीत त्याच व्यवहारांची खात्यावार, माणसावार मांडणी केलेली असे. अमुक दिवशी काय झालं, हे हवं असेल तर रोजकीर्द काढायची. अमुक माणसाला काय दिलं, हे हवं असेल तर घडणी. एकच गोष्ट दोन वाटांनी सापडावी म्हणून कारकुनांनी ती दोनदा लिहिली.

तरीही पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांनी या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा आधी रुमाल सोडून, मोडी वाचून, प्रत्येक कागद कशाबद्दलचा आहे हे ठरवावंच लागलं. खंडात प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख आणि थोडक्यात सार मिळालं. आज कुणी घरबसल्या एखादं पत्र शोधतो तेव्हा तो खरं तर त्या टिपा शोधत असतो.

संगणकाने काय बदललं

संगणकात सुरुवातीला फाइलीला एकच ओळख होती, तिचं नाव. १९८० च्या दशकातल्या मॅकिंटॉशवर प्रत्येक फाइलीच्या माहितीच्या चौकटीत टीप लिहायला जागा दिली होती. पण ती टीप फाइलीत राहत नसे, डेस्कटॉपच्या वेगळ्या नोंदवहीत राहायची. काही बिघाड झाला आणि ती नोंदवही नव्याने बांधली की टिपा पुसल्या जात. नाणेघाटाच्या बरोबर उलटं झालं हे. तिथे मूर्ती गेल्या आणि नावं राहिली, इथे फाइली राहिल्या आणि नावं गेली.

१९९३ मध्ये अ‍ॅपलस्क्रिप्ट आली, आणि या टिपा एकेक न लिहिता प्रोग्रामकडून लिहून घेण्याची सोय झाली. १९९० च्या दशकातच बीओएस नावाच्या प्रणालीत टिपा थेट फाइल-व्यवस्थेचा भाग झाल्या आणि त्यांवर शोध घेता येऊ लागला. ती व्यवस्था लिहिणारा डॉमिनिक जांपाओलो पुढे अ‍ॅपलमध्ये गेला, आणि २००५ मध्ये मॅकवर स्पॉटलाइट हा शोध आला. लिहिलेली टीप आता क्षणात सापडू लागली.

फोटोंची गोष्ट थोडी वेगळी. १९९५ च्या एक्झिफ या ठरावाने कॅमेरा तारीख, वेळ वगैरे फोटोच्या फाइलीतच लिहू लागला. पण वर्णनाचा रकाना मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी ठरवलेला होता. मराठी टीप सरळ मावायला २००१ मध्ये अडोबीने आणलेली एक्सएमपी ही पद्धत यावी लागली, कारण ती युनिकोडवर उभी आहे.

आता स्क्रिप्ट नेमकं काय करते ते पाहू. समजा घाटघर, नाणेघाट, जीवधन इथले ४०० फोटो आहेत आणि नावं कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे. आपण एका तक्त्यात पहिल्या रकान्यात फाइलीचं नाव लिहायचं, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात वर्णन, चौथ्यात शोधशब्द. मग एक्झिफटूलसारखं साधन तो तक्ता ओळीओळीने वाचतं आणि प्रत्येक टीप तिच्या तिच्या फोटोच्या आत लिहितं. टायपिंगचा वेळ वाचतो, पण विचार करण्याचा वाचत नाही. फोटोत कोणती भिंत आहे हे स्क्रिप्टला माहीत नसतं. रुमाल सोडणाऱ्याचं काम तक्ता भरणाऱ्याकडे आलं, एवढंच.

टीप कुठे जाते, कशी हरवते

आता मघाशी मनात ठेवायला सांगितलेल्या दोन गोष्टींकडे येऊ. पहिली, टीप टिकण्याची. मॅकवर फाइंडरमधून लिहिलेली टीप फाइलीच्या आत नसते, फाइल-व्यवस्थेत बाजूला असते. ती फाइल ई-मेलने पाठवली किंवा दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर नेली की टीप बहुधा मागे राहते. फोटोच्या आत लिहिलेली टीप जास्त टिकते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला तर तीही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, टीप फोटोच्या आत लिहा आणि तो तक्ताही साध्या मजकुराच्या फाइलीत फोटोंच्या शेजारी ठेवा. रोजकीर्द आणि घडणी दोन्ही.

दुसरी गोष्ट, वाचता येण्याची. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी टिपा आज उघडल्या तर निरर्थक चिन्हं दिसतात. ब्राह्मी विसरायला शतकं लागली होती, इथे वीस-पंचवीस वर्षं पुरली. युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘गावकऱ्यांनी’ या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, पण संगणकाला ते दोन शब्द वाटतात आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. नाणेघाट आणि नानाघाट, नायनिका आणि नागनिका यांचंही तेच. शोधशब्दांत दोन्ही रूपं घालायला हवीत.

आणि खुद्द घाटघर? अकोले तालुक्यातही घाटघर आहे, जलविद्युत प्रकल्पामुळे ओळखीचं झालेलं. तेही सह्याद्रीच्या माथ्यावर, तिथेही धुकं, कडे आणि कोकणाचं दर्शन. नुसतं ‘घाटघर’ लिहिलेला फोटो वीस वर्षांनी कुणाला मिळाला तर तो कुठला हे कसं ठरवणार? ‘घाटघर, ता. जुन्नर’ लिहायला दोन शब्द जास्त लागतात, बाकी काही नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की आज प्रत्येक गावात इतिहासाची साधनं मोबाइलवर तयार होत आहेत. वीरगळांचे फोटो, जत्रेची चित्रफीत, जुन्या फेरफारांच्या प्रती, आजीने सांगितलेल्या हकीकतींचं ध्वनिमुद्रण. साठवायला जागा भरपूर आहे, त्यामुळे वस्तू हरवण्याची भीती कमी झाली. ओळख हरवण्याची मात्र वाढली. चित्रफितीत बोलणारी बाई कोण, गाव कुठलं, साल कुठलं, हे सांगणारं माणूस आज आपल्यासमोर बसलेलं असतं. ते आहे तोवरच तक्त्यातली ती ओळ भरता येते. स्क्रिप्ट नंतर कधीही चालवता येईल, पण रिकामा रकाना तिला भरता येणार नाही. तो तसाच राहिला तर नाणेघाटातल्या आठव्या मूर्तीसारखी नुसती जागा उरेल.

व्याख्यान इथे थांबवू. आता आपले प्रश्न घेऊ.