तळटीप : पोलंडचे घोडेस्वार

* बिडकीन गावच्या पारावर ऐकलेली पोलिश घोडेस्वारांची ही हकिकत लेखकाने जशीच्या तशी दिली आहे. पोलिश स्वार भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर धावले, हे मात्र खरे नव्हे. जर्मन प्रचाराने ते जगभर पसरवले. १ सप्टेंबर १९३९ रोजी क्रोयांती गावाजवळ १८ व्या उहलान रेजिमेंटच्या स्वारांनी हल्ला केला, तो माळावर विसावलेल्या जर्मन पायदळावर, उपसलेल्या तलवारींनी. पायदळ पांगले. मग चिलखती गाड्यांच्या मशीनगन सुरू झाल्या आणि अनेक स्वार कापले गेले. पण मागच्या पोलिश फौजेला माघारीसाठी वेळ मिळाला. शूरांना वेडे ठरवणारी ही कथा आता तरी सोडून द्यावी.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. वॉर्सा २८ तारखेपर्यंत लढले. पोलिश जनरल क्लेबर्ग यांच्या तुकडीने कोत्स्क येथे ६ ऑक्टोबरला शस्त्रे खाली ठेवली.

सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका-मुले, इराणमार्गे १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आली. छावणीत कौलारू बराकी होत्या, पोलिश शाळा होत्या, चर्च होते. घरातले कर्ते पुरुष अनेकदा जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. त्याच सैन्याने मे १९४४ मध्ये इटलीतले मॉन्टे कॅसिनो घेतले. मराठा पलटणीही तेव्हा इटलीतच झुंजत होत्या.

छावणी १९४८ पर्यंत रिकामी झाली. त्या बराकींत पुढे फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. तेच आजचे गांधीनगर. — संपादक