इथे बांधायचा, तिथे चालवायचा : कर्नलच्या क्रॉस-बिल्डची प्रस्तावना

नव्या यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल तयार करायला बसलो की पहिलीच अडचण मोठी असते : त्या यंत्रावर अजून काहीच चालत नाही. एडिटर नाही, कंपायलर नाही, फाइल ठेवायची सोय नाही. म्हणून कर्नल आधीपासून चालत असलेल्या दुसऱ्या संगणकावर बांधावा लागतो. बांधणारा तो होस्ट, ज्याच्यासाठी बांधायचे तो टार्गेट, आणि या कामाला म्हणतात क्रॉस-बिल्ड. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे.

युनिक्सचा जन्मच असा झाला. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांच्या हाती पीडीपी-७ हा लहानसा, फारसा वापरात नसलेला संगणक आला. त्याच्यासाठीचे प्रोग्रॅम मात्र जीई-६३५ या मोठ्या यंत्रावर तयार होत. तिथल्या असेंब्लरला मॅक्रोंची जोड देऊन पीडीपी-७ ला समजेल असा कोड काढायचा, तो कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपात उतरवायचा आणि ती पट्टी उचलून पीडीपी-७ पर्यंत न्यायची. प्राथमिक कर्नल, एडिटर, असेंब्लर, शेल आणि थोडीफार साधने उभी राहिली, तेव्हा कुठे पट्टीची ही ने-आण थांबली.

आज कागदी पट्टी राहिली नाही, पण गरज कायम आहे. कधी टार्गेट फार दुबळे असते : २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर होता, आणि साधा लॅपटॉप काही मिनिटांत बांधतो त्या कर्नलला तिथे तासन्‌तास लागत. कधी टार्गेट बाजारात आलेलेच नसते. ६४-बिट आर्मसाठीचा आधार लिनक्स ३.७ मध्ये डिसेंबर २०१२ मध्ये दाखल झाला, आणि तसा प्रोसेसर असलेला आयफोन ५एस सप्टेंबर २०१३ मध्ये आला.

पण क्रॉस-बिल्ड ही केवळ सोय नाही, आणि या पुस्तकाचे म्हणणे नेमके तेच आहे. बांधायचे आणि चालवायचे यंत्र एकच असले की कितीतरी गोष्टी नकळत गृहीत धरल्या जातात : बाइटचा क्रम, लाँग पूर्णांक चार बाइटचा की आठ, हेडर फाइल कुठून उचलायच्या. यंत्रे दोन झाली की यातली प्रत्येक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. लिनक्सच्या बिल्डमध्ये म्हणूनच दोन कंपायलर नांदतात. मेन्युकॉन्फिग किंवा डिव्हाइस ट्री कंपायलर ही साधने होस्टवर चालतात, त्यामुळे ती होस्टच्या कंपायलरने बांधायची. शेड्युलर आणि ड्रायव्हर टार्गेटच्या कंपायलरने. एवढा भेद मनात पक्का झाला की नवशिक्यांना छळणाऱ्या निम्म्या एरर उलगडतात.

या विचारसरणीचा एक देखणा नमुना पाहा. कर्नलचा काही भाग असेंब्लीत असतो, आणि सी मधल्या एखाद्या स्ट्रक्चरमध्ये अमुक घटक कितव्या बाइटवर आहे हे त्याला कळावे लागते. हे कंपायलरला ठाऊक असते, असेंब्लरला नाही. यंत्र एकच असते तर छोटा प्रोग्रॅम चालवून आकडा छापून घेता आला असता. टार्गेटचा प्रोग्रॅम होस्टवर चालणार कसा? लिनक्स तो चालवतच नाही. एक सी फाइल फक्त असेंब्लीच्या मजकुरापर्यंत कंपाइल करायची, त्या मजकुरात खुणा करून ठेवलेले आकडे सेडने वेचायचे आणि त्यांची हेडर फाइल बनवायची. कंपायलरने लिहिले तेच वाचले की काम झाले.

या मार्गाबद्दल सर्वांचे एकमत आहे असे नाही. २००२ च्या १.६ आवृत्तीपासून नेटबीएसडी एका स्क्रिप्टने सारी सिस्टिम परक्या यंत्रावर बांधू देते. ओपनबीएसडीचा भर मात्र ज्याची सिस्टिम त्याच यंत्रावर बांधण्यावर असतो : स्वतःला बांधताना यंत्राची चाचणीही होते, हा त्यांचा युक्तिवाद. तो वजनदार आहे, आणि पुढे एका प्रकरणात त्याची सविस्तर दखल घेतली आहे.

वाचकाला सी भाषा आणि शेलची ओळख हवी, एवढीच अपेक्षा. बोर्ड विकत घ्यायची गरज नाही; क्यूईएमयू या एम्युलेटरवर टार्गेट उभे करता येते. कर्नलला सी लायब्ररी लागत नाही, त्यामुळे त्याचा टूलचेन, म्हणजे बांधणीच्या साधनांचा संच, इतर प्रोग्रॅमच्या टूलचेनपेक्षा सुटसुटीत असतो. सुरुवात कर्नलपासून करण्याचे कारण तेच.

पहिला स्वाध्याय इथेच देतो. लिनक्स सुरू होताना तो कोणी, कोणत्या संगणकावर, कोणत्या कंपायलरने आणि केव्हा बांधला हे छापतो. बांधणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव आणि वेळ बाहेरून ठरवून द्या. मग एकच सोर्स, एकच कॉन्फिगरेशन आणि त्याच आवृत्तीचा कंपायलर घेऊन दोन वेगळ्या होस्टवर कर्नल बांधा आणि दोन्ही इमेज बाइटगणिक ताडून पाहा. जुळल्या तर उत्तम. जिथे फरक पडेल तिथे होस्टची कोणती गोष्ट टार्गेटमध्ये शिरली ते शोधा. तो शोध तुम्हाला कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त शिकवेल.