हाक कोणाला, ‘ओ’ कोणाचा?

वाचकहो, गावात पोस्टमन आला की पूर्वी काय होई, ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पाराला सायकल टेकवून तो विचारी, “धोंडू पाटील कोण हो?” आता आपल्या खानदेशात एकेका गावात तीन-तीन धोंडू पाटील! जो ‘ओ’ देईल त्याच्या हाती पत्र पडे. पत्राचे एक वेळ चालून जाई. मनिऑर्डरीचे तसे नव्हते. घेणारा अंगठेबहाद्दर असला, तर साक्षीदार लागे.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित. जळगावला ४२५००१ आकडा मिळाला, धुळ्याला ४२४००१. गंमत पाहा, चाळीसगाव जळगाव जिल्ह्यातले, पण त्याचा आकडा ४२४१०१. शिरपूर धुळे जिल्ह्यातले, तर आकडा ४२५४०५. टपालाची वाट काही तलाठ्याच्या नकाशावरून जात नाही! पण पिनकोड पत्राला टपाल कचेरीपर्यंतच आणतो. घर विचारावेच लागते.

संगणकांचे अगदी असेच आहे. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला दोन पत्ते. आयपी पत्ता नेमून दिलेला, जाळे बदलले की बदलणारा. मॅक पत्ता कारखान्यातूनच यंत्राबरोबर आलेला. ह्या दोहोंची गाठ घालण्याचा नियम नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी लिहिला. त्याचे नाव ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल, म्हणजे एआरपी. रीत पारावरचीच: “हा आयपी पत्ता कोणाचा हो?” हाक सर्वांना ऐकू जाते, ज्याचा पत्ता तो आपला मॅक पत्ता सांगतो, विचारणारा काही काळ टिपून ठेवतो.

साक्षीदाराची तरतूद मात्र नियमात नव्हती. मी तो दोष म्हणणार नाही. एका तारेवर सारी ओळखीपाळखीची यंत्रे; घरच्या ओसरीवर अंगठा कोण मागतो? पण जाळी वाढत गेली. १९९० मध्ये कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीने इथरनेटचा स्विच बाजारात आणला. ही पेटी ज्याचे पत्र त्याच्याच दारात टाकते. तरी हाक सर्वांकडे जातच राहिली, आणि खोटा ‘ओ’ देणारे निघाले! “बाहेर जायचा दरवाजा तो मीच,” असे एखाद्या यंत्राने सांगितले, की खोलीतले सगळे टपाल त्याच्या हातून जाऊ लागते. तो ते अडवू शकतो. कुलूपबंद नसलेले वाचूही शकतो. मग मुलांचे गुण असोत की पतपेढीचे हिशेब.

म्हणून स्विचलाच साक्षीदार करतात. गुरुजी, शाळेच्या संगणकखोलीसाठी एवढे ध्यानात घ्या. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरने कोणाला काय दिले, त्याची वही चांगला स्विच ठेवतो. ‘ओ’ आला की वहीशी ताडून पाहतो. जुळला नाही तर फेकून देतो. सर्व्हर आणि राउटर यांच्याकडची दारे तेवढी विश्वासाची म्हणून मांडायची. ह्यात एक मेख आहे बरे का! ज्याला पत्ता हाताने लिहून दिला, बहुधा प्रिंटरला, त्याचे नाव वहीत नसते. तपासणी सुरू करताच त्याचा खरा ‘ओ’ही फेकला जातो आणि ऐन परीक्षेत छपाई बंद! तेव्हा अशांची नोंद आधी हाताने करावी, मग तपासणी चालू करावी.

साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. तिथे निदान राउटरच्या दोन पत्त्यांची जोडी प्रत्येक संगणकात कायमची लिहून ठेवावी. फक्त राउटर बदलला, की ती त्याच दिवशी बदलायची. नाहीतर अख्खी खोली जुन्याच दारावर थापा मारीत बसेल.