निकेल की क्रोम? जुन्या बेंटलीच्या चकाकीविषयी

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हापासून मंडळात एक प्रश्न अधूनमधून निघतो. १९२०च्या दशकातली मोटार आरशासारखी लखलखत असेल, तर ती नीट जपलेली म्हणायची का?

बेंटली ३ लिटर घ्या. लंडनच्या क्रिकलवुड भागात १९२१ ते १९२९ या काळात बनलेली ही स्पोर्ट्स कार. १९२४ आणि १९२७ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत हिनेच मारली. तिच्या दिव्यांच्या कडा, मुठी वगैरे चकाकणारे भाग म्हणजे निकेलचा मुलामा, बहुतेक ठिकाणी पितळेवर. मोटारींवर क्रोम सर्रास दिसू लागला तो दशकाच्या अगदी शेवटी. म्हणजे १९२४च्या गाडीवर क्रोम असेल, तर तो नंतर कुणीतरी चढवलेला.

फरक डोळ्यांना कळतो. क्रोमची झाक निळसर, निकेलची किंचित पिवळट, दुधाळ. निकेल हवेनं मंदावतं, सारखं पुसावं लागतं, आणि पुसून पुसून झिजतं. मग कल्हई उडालेल्या भांड्यासारखं कडांना पितळ डोकावतं. मालक कंटाळत आणि क्रोम करून टाकत. त्यांना दोष कसा द्यायचा? तेव्हा ती जुनी गाडी होती, वारसा नव्हता.

(रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टचे रेडिएटर जर्मन सिल्व्हरचे असत. म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी औषधालाही नाही. आपल्या घरातलं ‘जर्मनचं पातेलं’ मात्र ॲल्युमिनियमचं, त्याचा इथे संबंध नाही.)

खरा धोका दुरुस्तीतच आहे. मुलामा देणारा कारागीर आधी जुना थर रसायनात उतरवतो, मग बफ मारतो. त्यात कडा गोल होतात, ठोकलेली अक्षरं पुसट होतात आणि मूळ काय होतं याचा पुरावा कायमचा जातो. म्हणून आधी सुटे भाग उघडून बघा. दिव्याच्या कडेची आतली बाजू, ब्रॅकेटची पाठ, स्क्रूच्या डोक्याखालची जागा, इथे जुनं निकेल हमखास लपलेलं सापडतं. दिवसाच्या उजेडात त्याचे फोटो काढून ठेवा.

आणखी एक गंमत. क्रोम उतरवला की खाली निकेल दिसतं खरं, पण ते क्रोमसाठी दिलेलं अस्तर असतं, मूळचं नव्हे. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ, चकाकी खालच्या निकेलचीच. आजचं निकेल टाकीतल्या रसायनांमुळे चकचकीतच बाहेर येतं. त्या काळी ते मंद निघे आणि बफवर उजळावं लागे. कारागिराला ‘मंद निकेल द्या, बफ नंतर’ असं बजावून सांगावं लागतं. बहुतेक जण ‘साहेब, क्रोमच करा’ म्हणतात.

मूळ निकेल अर्धं जरी शिल्लक असेल, तरी मी त्या भागाला नवा मुलामा देणार नाही. मऊ कापड आणि मेण, बस्स. डोकावलं पितळ तर डोकावू दे.