लंडनच्या शाळा कुणाला उत्तर देतात?

हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून पाच वर्षे कारभार करून जॉन लॉरेन्स १८६९ मध्ये मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी लंडन स्कूल बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले. इथल्या रयतेने त्यांना कधी मत दिले नव्हते. तिथे मात्र लोकांनी निवडलेल्या ४९ सदस्यांची संमती घेतल्याशिवाय त्यांचे पान हलत नव्हते. शाळेच्या कारभाऱ्याने पालकांना उत्तर द्यावे, ही मागणी लंडनमध्ये रुजली ती या बोर्डामुळे.

तोवर गरिबांच्या शाळा बहुतांशी चर्चशी जोडलेल्या संस्था चालवत. जिथे संस्था पोहोचली नाही, तिथली मुले रस्त्यावर. १८७० च्या फॉर्स्टर शिक्षण कायद्याने करदात्यांनी निवडायची बोर्डे आणली. पार्लमेंटसाठी मत नसलेल्या स्त्रिया इथे मत देऊ शकत, उभ्याही राहू शकत. पहिल्याच निवडणुकीत एमिली डेव्हिस आणि डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट जिंकल्या. गॅरेट यांना मेरिलबोनमधून मिळालेली ४७ हजारांहून अधिक मते शहरात सर्वाधिक होती. मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत, म्हणून छोट्या गटांचाही माणूस निवडून येई. १८८८ मध्ये टॉवर हॅम्लेट्समधून अ‍ॅनी बेझंट आल्या. पुढे आपल्याकडे होमरूलची चळवळ उभारणाऱ्या त्याच. उपाशी मुलांना शाळेत जेवण आणि बोर्डाच्या कंत्राटांवरील मजुरांना रास्त वेतन, यासाठी त्या झगडल्या. ईस्ट एंडच्या गरीब वस्तीची भूक बोर्डाच्या बैठकीपर्यंत पोहोचली ती मतपेटीच्या वाटेने.

या बोर्डाला धक्का बसला हिशेबातून. वरच्या वर्गांना विज्ञान आणि कला शिकवण्यावरचा खर्च लेखापरीक्षक कॉकर्टन यांनी नामंजूर केला आणि १९०१ मध्ये न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. १९०४ मध्ये शाळा लंडन काउंटी कौन्सिलकडे गेल्या. प्राथमिक, माध्यमिक आणि तंत्रशिक्षण एका हाताखाली आले, हा मोठा लाभ. पण फक्त शिक्षणासाठी होणारी निवडणूक संपली. स्त्रियांना कौन्सिलवर निवडून येण्याचा हक्क १९०७ पर्यंत नव्हता. त्यांनी ३४ वर्षे मतांवर मिळवलेली जागा आता नेमणुकीवर आली.

१९६५ मध्ये या कौन्सिलच्या जागी शहराच्या आतल्या भागातील शाळांसाठी इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटी, म्हणजे इलिया, स्थापन झाली. दहा वर्षांतच इझलिंग्टनच्या विल्यम टिंडेल शाळेत शिकवण्याच्या पद्धतीवरून शिक्षक, पालक आणि व्यवस्थापक यांच्यात रण पेटले. १९७६ च्या ऑल्ड चौकशी अहवालाने इलियाच्या देखरेखीतील उणिवाही दाखवल्या. त्यातून शाळेच्या दाराशीच जबाबदार मंडळ हवे हा विचार बळावला. १९७७ च्या टेलर अहवालाने त्याला आकार दिला आणि १९८० व १९८६ च्या कायद्यांनी गव्हर्नर मंडळात पालकांनी निवडलेले प्रतिनिधी आणले.

१९८८ च्या कायद्याने पैशाचा आणि नेमणुकांचा मोठा अधिकार या मंडळांकडे दिला. त्याच कायद्याने इलिया बरखास्त करण्याचे ठरले. पालकांनी स्वतः घेतलेल्या मतदानात नव्वद टक्क्यांहून अधिक मते बरखास्तीच्या विरोधात पडली; तरी १९९० मध्ये तिच्या शाळा बरोंकडे, म्हणजे शहरातल्या स्थानिक कौन्सिलांकडे गेल्या. पालकांना शाळेत मत देणाऱ्या सरकारने शहराबद्दलचे त्यांचे मत ऐकले नाही.

२००२ पासून अकादमी, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या कक्षेबाहेरच्या सरकारी अनुदानित शाळा, आल्या; २०१० च्या कायद्यानंतर त्या झपाट्याने वाढल्या. अकादमी ट्रस्टचा करार थेट केंद्रीय मंत्र्याशी असतो. नगरसेवकाचा त्यात अधिकार उरत नाही. अनेक शाळा चालवणाऱ्या ट्रस्टमध्ये निर्णय मुख्य कार्यालयात होतात. या काळात लंडनच्या शाळांचे निकाल सुधारले, हे खरे. पण २००३ च्या लंडन चॅलेंज या शाळासुधार कार्यक्रमात शिक्षणतज्ज्ञ टिम ब्रिगहाऊस यांनी भर दिला होता तो शाळांनी एकमेकींना हात देण्यावर. त्यासाठी पालकांचा हक्क काढून घ्यावा लागला नव्हता.

आपल्या शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. कागदावर ही तरतूद लंडनच्याही पुढची आहे. मात्र अधिकार वरच्या कार्यालयात आणि सही तेवढी समितीची, अशी स्थिती असेल तर पालकाच्या खुर्चीला अर्थ राहत नाही. लंडनचा दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो, की कारभाराची रचना कितीही बदला, तिची कसोटी एकच: पालकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे ज्याला भाग आहे असा माणूस तिथे आहे का, आणि उत्तर पटले नाही तर त्याला बदलण्याची ताकद पालकाच्या हाती आहे का?