नेत्रमूलपेशींचे अतिशीत जतन आणि वऱ्हाड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नेत्ररोपणाच्या इतिहासात शस्त्रक्रियेची चर्चा पुष्कळ झाली आहे. जतनाची त्या मानाने फारच थोडी. वास्तविक शरीराबाहेर काढलेली पेशी किती काळ जिवंत राहते, यावरच ती कोणाच्या उपयोगी पडणार हे ठरत असते. हा काळ तासांचा असेल तर लाभ मोठ्या शहरातील रुग्णापुरता मर्यादित राहतो. दिवसांचा असेल तर तो जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचतो. वर्षांचा झाला तर अंतराचा अडसर बराचसा दूर होतो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात या मुद्द्याला एक वेगळे परिमाण आहे. जिवंत पेशी गोठवून ठेवण्याचे तंत्र वऱ्हाडाला अपरिचित नाही. मात्र ते येथे माणसाच्या डोळ्यासाठी आले नाही, गाई-म्हशींसाठी आले.

चुन्याने भाजलेला डोळा

७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथे एडवर्ड झिर्म यांनी माणसावरील पहिले यशस्वी पारपटलरोपण केले. पारपटल म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पडदा. झिर्म यांचा रुग्ण एक मजूर होता व त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले होते. अपघातात जखमी झालेल्या एका मुलाचा काढावा लागलेला डोळा झिर्म यांना उपलब्ध झाला. त्यातून केलेल्या दोन कलमांपैकी एकच पारदर्शक राहिले. दुसरे का टिकले नाही, याचा एक संभाव्य उलगडा पुढे मूलपेशींच्या संशोधनातून झाला.

वऱ्हाडच्या वाचकाला या प्रसंगातील चुना ओळखीचा आहे. तंबाखूसोबत खिशात असणारी चुन्याची डबी, घराला द्यावयाची सफेदी आणि वरुड-मोर्शीच्या संत्राबागांतून मोरचूद व चुना कालवून तयार केले जाणारे बोर्डो मिश्रण ही येथील नित्याची दृश्ये होत. कळीचा चुना डोळ्यात गेल्यास तो वरचा थर जाळून थांबत नाही. अल्कधर्मी असल्यामुळे तो खोलवर झिरपतो. यात सर्वाधिक हानी होते ती पारपटल व डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवरील अरुंद कडेची. वैद्यकात तिला लिंबस म्हणतात.

या कडेचे महत्त्व फार उशिरा ध्यानात आले. पारपटलाचा पृष्ठभाग येथूनच सतत नव्याने घडत असावा, असे अनुमान डाव्हांगर व इव्हेन्सन यांनी १९७१ मध्ये मांडले. १९८० च्या दशकातील संशोधनाने त्यास बळकटी दिली आणि १९८९ मध्ये केनियन व त्सेंग यांनी निरोगी डोळ्याच्या कडेचा भाग भाजलेल्या डोळ्यावर बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कडेवरील मूलपेशी नष्ट झालेल्या डोळ्यावर केवळ नवे पारपटल बसवून भागत नाही. बी उत्तम असले तरी जमीनच जळालेली असते.

बर्फापासून द्रवनत्रापर्यंत

१९३० च्या दशकात ओडेसा येथील व्लादिमिर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तींचे डोळे थंड ठेवून त्यांतील पारपटल वापरण्याची प्रथा रूढ केली. नेत्रपेढीची कल्पना त्यामुळे शक्य झाली. १९४४ मध्ये न्यूयॉर्क येथे आणि १९४५ मध्ये मद्रास येथे नेत्रपेढी सुरू झाली. संपूर्ण नेत्रगोल शीतपेटीत ठेवल्यास एक-दोन दिवसांची मुदत मिळे. १९७४ मध्ये मॅकेरी व कॉफमन यांनी तयार केलेल्या द्रवात पारपटल ४ अंश सेल्सिअसला सुमारे चार दिवस टिकू लागले. पुढील द्रवांनी ही मर्यादा चौदा दिवसांपर्यंत नेली.

याच्या समांतर एक दुसरा प्रवाह वाहत होता. १९४९ मध्ये लंडनजवळील मिल हिल येथे पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी कोंबड्याचे शुक्राणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून पुन्हा सजीव स्थितीत मिळविले. बाटलीवरील चिठ्ठीच्या घोटाळ्यातून ग्लिसरॉल चुकून वापरले गेले, असे या शोधाबद्दल सांगितले जाते. १९५९ मध्ये लव्हलॉक व बिशप यांनी याच कामी डायमिथाइल सल्फॉक्साइड उपयोगी पडते हे दाखविले. पेशीत बर्फाचे स्फटिक होऊ न देणे हे या द्रव्यांचे कार्य होय. तापमान मिनिटाला सुमारे एक अंश या मंद गतीने उतरवून अखेर उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात पेशी ठेवली की तिच्यातील जैविक व्यवहार थांबतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

हे तंत्र संपूर्ण पारपटलावर वापरण्याचा प्रयत्न १९६५ मध्ये कॅपेला, कॉफमन व रॉबिन्स यांनी केला. परंतु ते सार्वत्रिक झाले नाही. पारपटलाचा सर्वांत आतील पेशीस्तर नाजूक असतो व माणसात तो पुन्हा वाढत नाही. गोठविताना तोच दुखावतो. लिंबसमधील मूलपेशींची गोष्ट निराळी आहे. त्या सुट्या करता येतात, वाढविता येतात आणि गोठवून पुन्हा वाढीस लावता येतात. अर्थात, नेत्रपेढीतील शीतपेटी आणि मूलपेशींचे द्रवनत्रपात्र यांची पूर्वपीठिका एकच नाही, हे इतिहासलेखनात सहसा नोंदविले जात नाही. पहिलीचे मूळ नेत्रवैद्यकात आहे, दुसऱ्याचे पशुप्रजननात.

अकोल्याचे द्रवनत्र

कृत्रिम रेतनासाठी पूर्वी थंड केलेले वीर्य वापरले जाई. ते दोन-तीन दिवसांतच निकामी होई. फिलातोव्ह यांच्या पारपटलाचीच ही अडचण, केवळ गोठ्यातील. १९७० च्या दशकापासून गोठित रेतमात्रांचा प्रसार महाराष्ट्रात होत गेला. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. २००२ मध्ये महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे मुख्यालय अकोला येथे ठेवण्यात आले. द्रवनत्राने भरलेली पात्रे ठरावीक फेऱ्यांनी गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत पोहोचविण्याची व्यवस्था उभी राहिली. ज्या अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथून उणे १९६ अंशांची साखळी चालविली गेली, ही सामान्य कामगिरी नव्हे. अतिशीत जतन ग्रामीण भागात शक्य नाही, असा आक्षेप येथे तरी टिकत नाही.

माणसाच्या डोळ्यासाठी मात्र प्रयोगशाळा दूरच राहिल्या. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्रसिंह सांगवान व सहकाऱ्यांनी २००१ पासून लिंबसच्या पेशी गर्भवेष्टनाच्या पटलावर वाढवून रोपण करण्यास आरंभ केला. त्याच दशकात नवी मुंबईतील रबाळे येथे रिलायन्स लाइफ सायन्सेसने अशा पेशींपासून उपचारसाहित्य तयार केले. रुग्णाच्या निरोगी डोळ्यातून लहानसा तुकडा घ्यावयाचा, सुमारे दोन आठवडे तो वाढवावयाचा आणि तयार पटल ताजे असतानाच बसवावयाचे, असा क्रम असे. अकोल्याचा रुग्ण त्यासाठी पूर्णामार्गे हैदराबादला किंवा भुसावळमार्गे मुंबईला जाणार; तोही दोनदा, अथवा दोन आठवडे परगावी मुक्काम करून. कापूस वेचणीच्या हंगामात मजुराला हे कसे परवडावे? ठरलेल्या दिवशी डोळ्याला दाह असला तर तयार पटल वाया जाणार.

अतिशीत जतनाचे खरे मोल येथे आहे. १९९७ मध्ये पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी आरंभिलेल्या इटलीतील पद्धतीत प्राथमिक वाढीनंतर पेशी गोठविल्या जातात आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावरच पुन्हा वाढविल्या जातात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ रुग्णांच्या अभ्यासात ७६.६ टक्के डोळ्यांत स्थायी यश मिळाले. या पद्धतीवर आधारित ‘होलोक्लार’ला युरोपीय संघाने २०१५ मध्ये मान्यता दिली. तरीही अखेरचे तयार पटल ३६ तासांत वापरावे लागते. वेळेचे बंधन तुटत नाही, ते रुग्णाच्या सोयीने पुढे ढकलता येते इतकेच.

२०१२ मध्ये सांगवान व सहकाऱ्यांनीच प्रयोगशाळेला वगळणारी पद्धत प्रसिद्ध केली. निरोगी कडेचा तुकडा बारीक करून तो त्याच बैठकीत गर्भवेष्टनासह भाजलेल्या डोळ्यावर चिकटविला जातो. वाढ डोळ्यावरच होते. एकच डोळा भाजलेल्या वऱ्हाडी रुग्णासाठी हीच पद्धत अधिक व्यवहार्य म्हणावी लागेल. परंतु ज्याचे दोन्ही डोळे चुन्याने गेले, त्याच्याजवळ उसना घेण्यासाठी निरोगी कडाच नसते. झिर्म यांचा रुग्ण नेमका असाच होता.

उरलेल्या कडेचा प्रश्न

अशा रुग्णाला दात्याच्या पेशींचा आधार घेता येतो, मग शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. आता दान केलेल्या पारपटलातून सामान्यतः मधली चकती वापरली जाते व भोवतालची कडा उरते. मूलपेशी त्या कडेत असतात. ती टाकून द्यावी की गोठवून ठेवावी, हा प्रश्न तंत्राइतकाच संमतीचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि पुढल्याच वर्षी मुंबई पारपटलरोपण कायदा झाला. मृताचे डोळे दुसऱ्याच्या दृष्टीसाठी काढण्यास त्याने वाट करून दिली. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा प्रथम ज्या राज्यांना लागू करण्यात आला त्यांत महाराष्ट्र होता. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश करण्यात आला. या कायद्यांमागील कल्पना एका मृत्यूची व लवकरच होणाऱ्या रोपणाची आहे. नेत्रदानाच्या वेळी दारात उभ्या असलेल्या माणसांसमोर कुटुंबीय सही करतात, ती ‘कोणाला तरी दिसावे’ एवढ्या भावनेने. त्याच डोळ्याच्या कडेतील पेशी वीस वर्षे द्रवनत्रात राहू शकतात, हे त्या सहीत अंतर्भूत आहे असे गृहीत धरता येत नाही. ते त्या वेळी, शोकाकुल घराला समजेल अशा भाषेत, वेगळे विचारावे लागते.